ऊन वाळवते, शिजवत नाही

चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या गच्च्यांवर कुरड्या, पापड, सांडगे यांची वाळवणे पसरतात. काही घरांत याच दिवसांत आणखी एक वाळवण होत असे. ते म्हणजे मटणाचे. गावजत्रेचे मटण एका दिवसात संपत नसे. उरलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, त्यांना हळद-मीठ चोळून त्या दोरीवर घालत. पाऊस असेल तर चुलीच्या वर टांगत आणि धूर पुढचे काम करी. घरात फ्रिज नसलेल्या काळातील ही काटकसरीची आणि विचारपूर्वक केलेली व्यवस्था होती.

गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात निरनिराळ्या घरांतून एकच प्रश्न आला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ते जुने वाळलेले मटण खावेसे वाटते. सुनेला किंवा मुलाला भीती वाटते. परदेशातील नातवंडे ‘जर्की’ची पाकिटे घेऊन येतात आणि ती घरी करण्याच्या कृती दाखवतात. मग घरी करावे का, आणि आजोबांना द्यावे का? या अंकात या दोन प्रश्नांचा विचार करू.

हा पदार्थ परका नाही

‘जर्की’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. त्याचा अर्थ वाळवलेले मांस. दक्षिण आफ्रिकेत त्याचे भावंड ‘बिल्टाँग’ आहे, तर गोव्यात मीठ, मसाला, व्हिनेगर लावून वाळवलेले व धुरावलेले ‘चोरीस’ आहे. आपल्या महाराष्ट्रात वाळलेल्या मांसाच्या पट्ट्यांना ‘चानी’, अनेकवचनी ‘चान्या’ म्हणतात. दुष्काळात आणि टंचाईत ज्या दलित कुटुंबांना चान्यांनी तगवले, त्यांच्या खाद्यसंस्कृतीविषयी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्याच्या संदर्भात सविस्तर लिहिले आहे. तेव्हा आपल्या घरातील एखादे वृद्ध चान्यांची आठवण काढत असतील तर तो केवळ जिभेचा हट्ट समजू नये. त्या चवीला त्यांचे बालपण, आई आणि हलाखीचे दिवस जोडलेले असतात.

मांस कोणते, याबद्दल एक खुलासा. २०१५ पासून आपल्या राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या मांसावर अशी सरसकट बंदी नाही. पुढील सर्व सूचना बकऱ्याच्या मटणाला धरून लिहिल्या आहेत. म्हशीच्या मांसालाही त्या तशाच लागू पडतात.

उन्हाचा गैरसमज

वाळवणाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की कडक उन्हात जंतू मरतात. कोल्हापुरात वैशाखातले ऊन अंगाला चटके देते हे खरे, पण त्या वेळी हवेचे तापमान साधारण ३७ ते ४० अंश सेल्सिअस असते. हे आपल्या शरीराच्याच आसपासचे तापमान आहे आणि रोगजंतूंना तेच सर्वाधिक मानवते. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान अन्न दीर्घकाळ राहणे धोक्याचे असते. कच्च्या मटणाची पट्टी उन्हात घातली की ती पुरेशी कोरडी होईपर्यंत अनेक तास याच पट्ट्यात राहते. माश्या आणि धूळ यांचा त्रास वेगळाच.

जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते. मांस पूर्ण वाळले की त्यांची वाढ थांबते, मात्र सगळे जंतू मरतात असे नाही. कित्येक जंतू कोरड्या अवस्थेत तग धरून राहतात. शिवाय एकदा ते वाळले की उष्णतेलाही अधिक चिवट होतात. म्हणून मांस आधी वाळवून नंतर गरम करण्यापेक्षा आधी शिजवून मग वाळवणे कितीतरी सुरक्षित असते. १९९५ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या मांसाच्या जर्कीतून ई. कोलाय या जंतूच्या एका घातक प्रकाराची लागण झाली होती. तेथील कृषी खात्याचा सल्ला आहे की वाळवण्यापूर्वी मांसाचा गाभा ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत तापवावा.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही खाताना रस्श्यात उकळतोच की!” उकळण्याने जिवंत जंतू मरतात, हे बरोबर. परंतु हाताच्या जखमेतून किंवा नाकातून मांसावर येणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू वाढताना एक विष तयार करतो आणि ते विष उकळण्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे वाळवताना झालेली हेळसांड नंतरच्या उकळीने भरून निघत नाही. धुराचेही तसेच आहे. चुलीवरच्या धुराने वास येतो, वरचा थर थोडा टिकाऊ होतो, माश्या दूर राहतात. पण धूर मांस आतपर्यंत शिजवत नाही.

घरी करायचेच असेल तर

एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त करू नये. सकाळचे ताजे, मांडीचे, चरबी नसलेले मटण घ्यावे. चरबी वाळत नाही, ती खवट होते. मटण फ्रिजमध्ये थोडे घट्ट होऊ दिले की कापणे सोपे जाते. पट्टी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी. जुन्या पद्धतीत धाग्यांच्या दिशेने लांब पट्ट्या कापत, त्यामुळे त्या दोरीवर तुटत नसत. परंतु वृद्धांसाठी धाग्यांना आडवे कापावे. धागे आखूड झाल्याने चावणे सुलभ होते. कापणाऱ्याच्या बोटाला जखम किंवा गळू असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याने करावे.

पट्ट्यांना आले, लसूण, हळद, मिरे आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावावे. आंबटपणामुळे कमी मिठातही चव भरते. आपला कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला वापरत असाल तर त्यातही मीठ असते, हे लक्षात ठेवावे. मग पट्ट्या थोड्या पाण्यात उकळून पूर्ण शिजवाव्यात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गाभ्याचे तापमान पाहावे, नसेल तर कुकर हा आपला भरवशाचा सोबती आहे. शिजल्यानंतर पाणी निथळून पट्ट्या जाळीवर सुट्या मांडाव्यात आणि छोट्या विद्युत भट्टीत साधारण ७० अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून वाळवाव्यात. याला कित्येक तास लागतात. थंड झाल्यावर पट्टी वाकवून पाहावी. तिला भेग पडावी, पण तिचे दोन तुकडे पडू नयेत. आत कोठे ओल दिसली तर आणखी वाळवावे.

ज्यांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी मी दुसरी रीत सुचवतो आणि बहुतेक वृद्धांना तीच योग्य ठरते. मटण कुकरमध्ये बोटांनी सुटेल इतके मऊ शिजवावे. त्याचे धागे मोकळे करून ते बारीक कापावेत आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर सतत परतत कोरडे करावेत. असा कीस फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येतो. खाताना चमचाभर कीस आमटीत, मऊ भातात किंवा भाकरीच्या काल्यात मिसळावा. चव तीच राहते आणि दातांवर ताण पडत नाही.

धुराच्या वासाशिवाय चान्यांना मजा नाही, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी तयार पदार्थाला धुंगार द्यावा. भांड्याच्या मध्यभागी वाटीत निखारा ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब टाकावेत आणि दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. एवढ्याने वास पुरेसा येतो. खिडक्या मात्र उघड्या असाव्यात. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाने त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नये आणि निखाऱ्यांची शेगडी कधीही बंद खोलीत ठेवू नये.

तासन्‌तास धुरावण्याचा आग्रह का नको, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेल्या, धुरावलेल्या आणि अशा रीतीने टिकवलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास निश्चित कारणीभूत घटकांच्या गटात केला. असे मांस रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ शंभरातील अठरा जणांना कर्करोग होतो असा नव्हे. समजा मुळात शंभरातील पाच जणांना तो होणार असेल, तर ती संख्या सहाच्या आसपास जाते. वर्षातून काही वेळा चव घेणाऱ्याने यामुळे घाबरून जाऊ नये. रोजच्या जेवणात मात्र या पदार्थाला स्थान देऊ नये.

गुलाबी मिठापासून सावधान

परदेशी कृतींत मांस टिकवण्यासाठी एक गुलाबी रंगाचे ‘क्युअरिंग सॉल्ट’ सांगितलेले असते. त्यात सोडियम नायट्राइट असते. आपल्या बाजारात मिळणारे गुलाबी सैंधव मीठ निराळे, त्यात तो गुण नाही. ही दोन्ही एकच समजून चूक होऊ शकते आणि ती दोन्ही बाजूंनी महागात पडते. सैंधव घालून ‘आता मांस टिकेल’ असे मानणे चूक आणि नायट्राइट साध्या मिठासारखे मुठीने घालणे तर जिवावर बेतणारे. नायट्राइट जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. घरच्या तराजूवर त्याचे अचूक प्रमाण साधत नाही. म्हणून घरात नायट्राइट किंवा सोरा वापरूच नये.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. आता हिशेब करू. एक किलो मटणाला २० ग्रॅम मीठ लावले आणि वाळून त्याचे ३०० ग्रॅम झाले, तर ३० ग्रॅमच्या छोट्या मुठीत २ ग्रॅम मीठ येते. दिवसाच्या मर्यादेचे ते दोन पंचमांश झाले. भाकरी, आमटी, लोणचे, पापड यांचे मीठ त्याखेरीज. तेच मीठ किलोला ५ ग्रॅम लावले तर त्या मुठीत अर्धाच ग्रॅम येतो. मीठ कमी केल्याने टिकाऊपणा घटतो, ती उणीव फ्रिजने भरून काढावी. आजीच्या काळी मीठ हाच फ्रिज होता, आज आपल्याकडे खरा फ्रिज आहे.

विकतच्या पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. पाकिटावर ५०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते सव्वा ग्रॅम मीठ झाले. हा आकडा संपूर्ण पाकिटाचा आहे की एका वाढणीचा, तेही पाहावे.

मीठ कमी करण्यासाठी काही घरांत ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. ज्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले आहे किंवा जे रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेतात, त्यांच्या रक्तातील पोटॅशियम त्यामुळे धोकादायक पातळीला जाऊ शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याविना ते वापरू नये.

कोणाला द्यावे, कोणाला नाही

वाळलेल्या मटणाची एक जमेची बाजूही आहे. वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि प्रथिनांची गरज कमी होत नाही. निरोगी वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. वर सांगितलेल्या ३० ग्रॅमच्या मुठीत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. भूक मंदावलेल्या माणसाला थोड्या घासांत इतके पोषण मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून ज्या निरोगी वृद्धांचा रक्तदाब आटोक्यात आहे, दात बरे आहेत आणि गिळण्याची तक्रार नाही, त्यांना पंधरवड्यातून एकदा, कमी मिठाचे, चमचा-दोन चमचे देण्यास माझी हरकत नाही.

तथापि हृदय कमजोर असून पायांवर सूज येते, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा गाऊटचा झटका चालू आहे, अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पदार्थ घेऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी तो टाळावा.

ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्याबाबत शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. पाणी पिताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर घरघरणारा होणे, घास गालात साठवून ठेवणे, एक घास फार वेळ चघळणे ही गिळण्यातील दोषाची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसत असेल तर चानीची पट्टी कदापि देऊ नये. इतरांनाही बसवूनच भरवावे, बोलत-हसत भरवू नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

घास अडकलाच तर? माणूस जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पाणी पाजू नये, घशात आंधळेपणाने बोट घालू नये. खोकता किंवा बोलता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने घास न सुटल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत-वर असे पाच झटके द्यावेत. घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे. तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साठवण आणि पावसाळा

पूर्ण वाळलेल्या पट्ट्या कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे आणि त्यापुढे फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. बरणीवर तारीख लिहावी. काचेला आतून दव दिसले तर मांस पुरेसे वाळलेले नाही. बुरशी, चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर ‘वरचे काढून’ खाण्याचा विचार न करता सगळे टाकावे. मटणाचे लोणचेही घरी केलेले असेल तर फ्रिजमध्येच ठेवावे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो.

कोल्हापूरकरांना पावसाळ्याविषयी वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कित्येक घरांची वीज गेली होती. फ्रिज चार तासांहून अधिक बंद राहिला तर त्यातील असे मांस ठेवू नये. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत नवे वाळवण घालूच नये.

खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले तर थोडे थोडे जलसंजीवनीचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात की नाही, हे विचारायला विसरू नये. शौचातून रक्त जाणे, लघवी कमी होणे किंवा गुंगी येणे दिसल्यास रुग्णालय गाठावे. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे या लक्षणांत तर क्षणाचाही विलंब नको. ती पक्षाघाताची असोत वा बोट्युलिझमची, जागा रुग्णालयाचीच.

शेवटी शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. घरातील वृद्धांनी एखादा जुना पदार्थ मागितला तर ‘तुम्हाला चालत नाही’ एवढेच उत्तर देऊन थांबू नका. त्यांचे जेवण कमी झाले आहे का, बांगड्या सैल झाल्या आहेत का, कवळी टोचते आहे का, हेही पाहा. मागणे हे बहुधा भूक अजून जागी असल्याचे लक्षण असते आणि उतारवयात ती जागी ठेवणे महत्त्वाचे असते. मटण आधी शिजवा, मग वाळवा, मीठ मोजा, घास बारीक करा. एवढे पाळले तर त्यांच्या ताटात ती जुनी चव अधूनमधून वाढता येईल.